तंत्रज्ञान आणि समाज (विद्यापीठीय सामान्य शिक्षण)

तंत्रज्ञान आणि समाज हा विद्यापीठीय सामान्य शिक्षणातील एक अध्यापनविषय आहे. तंत्रज्ञान कसे घडते, त्याचा समाजावर कोणता परिणाम होतो आणि समाज त्याला कसे वळण देतो, याचा परिचय कोणत्याही विद्याशाखेच्या विद्यार्थ्याला करून देणे, हा त्याचा हेतू असतो. अभियंते किंवा तंत्रज्ञ घडवणे हे त्याचे उद्दिष्ट नाही. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांचे पदवीधर पुढे मतदार, ग्राहक, कर्मचारी, लोकप्रतिनिधी किंवा पालक या नात्याने तंत्रज्ञानाविषयीचे निर्णय घेतात किंवा इतरांच्या निर्णयांचे परिणाम भोगतात. त्यासाठी लागणारी समज देणे एवढीच या विषयाची मर्यादित, परंतु महत्त्वाची अपेक्षा आहे. महाराष्ट्रात हा विषय स्वतंत्र नावाने क्वचितच शिकवला गेला. मुंबई विद्यापीठाचा फाउंडेशन कोर्स, पदवी स्तरावरील सक्तीचा पर्यावरण अभ्यास आणि तंत्रशिक्षण संस्थांमधील मानव्यविद्येचे अभ्यासक्रम यांतून तो विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला.

संज्ञा आणि व्याप्ती

मराठीत विज्ञान, तंत्रज्ञान व यंत्र हे शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. या विषयाच्या अध्यापनात मात्र त्यांत भेद केला जातो. निसर्गाविषयीचे पद्धतशीर ज्ञान म्हणजे विज्ञान. एखादे काम साधण्यासाठी वापरलेली साधने, कौशल्ये, नियम आणि संघटना यांचा एकत्रित व्यूह म्हणजे तंत्रज्ञान. यंत्र हा या व्यूहाचा केवळ दृश्य भाग होय. उदाहरणार्थ, उपनगरी रेल्वे म्हणजे केवळ गाडी व रूळ नव्हेत. वेळापत्रक, सिग्नल, मासिक पास, फलाटांची लांबी, महिलांचे डबे आणि गाडी कोठे थांबावी याविषयीचे निर्णय हीदेखील त्या तंत्रज्ञानाची अंगे आहेत. ही व्यापक व्याख्या स्वीकारली की तंत्रज्ञानाचा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा राहत नाही.

अध्यापनात सामान्यतः तीन प्रकारचे प्रश्न येतात. एखादे तंत्रज्ञान कसे चालते, हा पहिला. त्याचा लाभ कोणाला होतो व किंमत कोण मोजतो, हा दुसरा. त्यावर नियंत्रण कोणाचे असावे व ते कोणत्या मार्गाने आणावे, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा पाठ्यपुस्तकात मिळते. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी इतिहास, अर्थशास्त्र, कायदा आणि स्थानिक परिस्थिती यांचा आधार घ्यावा लागतो.

जागतिक पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर अणुबाँबच्या अनुभवामुळे विज्ञानाच्या सामाजिक जबाबदारीची चर्चा विद्यापीठांत सुरू झाली. १९४५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने सामान्य शिक्षणावरील अहवाल प्रसिद्ध केला. प्रत्येक पदवीधराला आपल्या विशेष विषयापलीकडचा समान ज्ञानपाया मिळावा, अशी त्याची भूमिका होती. १९५९ साली केंब्रिज येथील व्याख्यानात सी. पी. स्नो यांनी साहित्यिक व वैज्ञानिक या दोन संस्कृतींमधील दुराव्याकडे लक्ष वेधले. १९६०च्या दशकाअखेरीस अमेरिकेतील काही विद्यापीठांत विज्ञान, तंत्रज्ञान व समाज या नावाचे आंतरविद्याशाखीय उपक्रम सुरू झाले. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७२ मध्ये तंत्रज्ञानाचा पायाभूत अभ्यासक्रम सुरू केला. त्याचा विद्यार्थी घरी बसून शिकणारा प्रौढ नागरिक होता, हे त्याचे वैशिष्ट्य. १९८० साली लँग्डन विनर यांनी वस्तूंनाही राजकारण असते काय, हा प्रश्न आपल्या निबंधात मांडला. पूल, यंत्र किंवा वीजकेंद्र यांच्या रचनेतच सत्तेचे संबंध गुंफलेले असू शकतात, हे त्यांचे प्रतिपादन अनेक देशांच्या अभ्यासक्रमांत आजही चर्चिले जाते.

भारतातील विकास

स्वातंत्र्यानंतर डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) सामान्य शिक्षणाची आवश्यकता प्रतिपादन केली. नलिनीरंजन सरकार समितीच्या शिफारशींतून भारतीय तंत्रज्ञान संस्थांची कल्पना साकारली. या संस्थांमध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे शिकवण्याची तरतूद प्रारंभापासून राहिली. १९५०च्या दशकात अलिगढ, बडोदा आदी विद्यापीठांत सामान्य शिक्षणाचे प्रयोग झाले, परंतु पदवीच्या मुख्य विषयांच्या तुलनेत त्यांना दुय्यम स्थान मिळाले.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात मूलभूत कर्तव्यांचा समावेश झाला. त्यांपैकी अनुच्छेद ५१-क (ज) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक वृत्ती यांचा विकास करणे हे नागरिकांचे कर्तव्य मानले आहे. १९८१ मध्ये मुंबईच्या नेहरू सेंटरतर्फे वैज्ञानिक दृष्टिकोनाविषयीचे निवेदन प्रसिद्ध झाले व त्यावर देशभर वादविवाद झाला. या घडामोडींमुळे विज्ञानशिक्षण हे नागरिकत्वाच्या शिक्षणाशी जोडले गेले.

महाराष्ट्रातील वैचारिक वारसा

यंत्र आणि समाज यांच्या संबंधाची चर्चा महाराष्ट्रात विद्यापीठीय अभ्यासक्रमांपूर्वीच सुरू झाली होती. महात्मा गांधी यांनी १९०९ साली लिहिलेल्या 'हिंद स्वराज'मध्ये यंत्रसंस्कृतीची कठोर चिकित्सा केली. १९३७ च्या वर्धा परिषदेत त्यांनी हस्तव्यवसायावर आधारलेल्या नई तालीमचा विचार मांडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधी यांच्यावरील इंग्रजी ग्रंथात याच्या विरुद्ध बाजू मांडली. माणसाला पशुवत कष्टांतून सोडवून फुरसत मिळवून देण्याचे सामर्थ्य यंत्रात आहे, आणि सुसंस्कृत जीवनासाठी फुरसत अपरिहार्य आहे; दोष यंत्राचा नसून ज्या समाजरचनेत ते वापरले जाते तिचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तंत्रज्ञानाचे मूल्य कशावरून ठरवावे, या प्रश्नाच्या अध्यापनात या दोन भूमिका एकत्र ठेवता येतात.

१९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाशी निगडित असलेला मुळशी सत्याग्रह हे प्रत्यक्ष संघर्षाचे आरंभीचे उदाहरण होय. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यातील मावळ्यांच्या जमिनी बुडणार होत्या आणि निर्माण होणारी वीज मुंबईकडे जाणार होती. एका प्रदेशाच्या गरजेसाठी दुसऱ्या प्रदेशाने किती त्याग करावा, हा पुढे देशातील अनेक धरणांच्या वेळी उपस्थित झालेला प्रश्न येथे शंभर वर्षांपूर्वीच पुढे आला होता.

मुंबई विद्यापीठाचा फाउंडेशन कोर्स

मुंबई विद्यापीठाच्या कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत फाउंडेशन कोर्स हा सक्तीचा विषय होता. विद्यार्थ्यांमध्ये तो एफसी या नावाने ओळखला जाई. पहिल्या वर्षी भारतीय समाजातील विविधता, विषमता व संविधान यांवर भर असे. विज्ञान आणि तंत्रज्ञान हे घटक दुसऱ्या वर्षी येत.

श्रेयांक पद्धतीच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सत्रात विज्ञानाचे स्वरूप, विज्ञानाचा विकास, विज्ञान व अंधश्रद्धा आणि दैनंदिन जीवनातील विज्ञान यांचा समावेश होता. चौथ्या सत्रात लेसर, उपग्रह, माहिती व संप्रेषण, जैवतंत्रज्ञान आणि अब्जांश तंत्रज्ञान यांची ओळख करून दिली जाई. त्याच घटकाचा दुसरा भाग तंत्रज्ञानावरील नियंत्रण, त्याची उपलब्धता आणि त्याचा गैरवापर यांविषयी होता. प्रस्तुत विषयाचा खरा गाभा याच भागात आढळतो.

चौथ्या सत्राची रचनाही लक्षणीय होती. त्याच सहामाहीत ग्राहक संरक्षण, माहितीचा अधिकार आणि जनहित याचिका यांवर एक घटक, तर परिसंस्थेकडे पाहण्याच्या दृष्टिकोनांवर दुसरा घटक होता. त्यामुळे तंत्रज्ञानाने निर्माण केलेला प्रश्न, त्याचा निसर्गावरील परिणाम आणि नागरिकाच्या हाती असलेले कायदेशीर साधन ही तिन्ही अंगे जोडून शिकवणे शिक्षकाला शक्य होते. अंतर्गत मूल्यमापनासाठी प्रकल्पाची तरतूद होती. जास्तीत जास्त आठ विद्यार्थ्यांच्या गटाला पथनाट्य, भित्तिपत्रक प्रदर्शन किंवा सादरीकरण अशा स्वरूपात प्रकल्प करता येत असे.

नियंत्रण, उपलब्धता आणि गैरवापर

वरील तीन शब्दांचे विवेचन करण्यासाठी महाराष्ट्रातीलच उदाहरणे पुरेशी आहेत.

नियंत्रण: भारतात २००२ मध्ये बीटी कापसाच्या लागवडीस मान्यता मिळाली आणि विदर्भातील कापूस उत्पादक या तंत्रज्ञानाशी जोडले गेले. संकरित बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागत असल्याने बियाण्यावरील ताबा शेतकऱ्याकडून कंपनीकडे कसा जातो, किंमत कोण ठरवतो व पीक बुडाल्यास जोखीम कोणाची, हे प्रश्न उपस्थित झाले.

उपलब्धता: देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देण्यात आले. ओळखीचा पुरावा नसलेल्यांना ओळख देणे, हा योजनेचा घोषित हेतू होता. पुढे बोटांचे ठसे न जुळल्यास शिधा नाकारला जाण्याची शक्यता आणि वैयक्तिक माहितीची सुरक्षितता हे वादाचे विषय झाले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आणि २०१८ मध्ये आधार कायदा काही मर्यादांसह वैध ठरवला. २०२० मधील कोरोना साथीच्या काळात महाविद्यालये ऑनलाइन झाली, तेव्हा उपलब्धतेचा प्रश्न वर्गातच उभा राहिला. एकाच घरात एकच मोबाइल आणि शिकणारी भावंडे अनेक, ही अनेक कुटुंबांची स्थिती होती.

गैरवापर: गर्भातील व्यंगांच्या निदानासाठी आलेल्या तंत्रांचा वापर मुलीचा गर्भ ओळखून तो पाडण्यासाठी होऊ लागला. मुंबईतील स्त्रीवादी व आरोग्य कार्यकर्त्यांच्या मोहिमेनंतर १९८८ मध्ये महाराष्ट्राने या तंत्रांच्या वापराचे नियमन करणारा देशातील पहिला कायदा केला. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला. एकच सोनोग्राफी यंत्र मातेचे प्राणही वाचवू शकते आणि लिंगनिवडीसाठीही वापरले जाऊ शकते. म्हणून यंत्रावर बंदी न घालता त्याच्या वापराची नोंद व तपासणी बंधनकारक करण्याचा मार्ग कायद्याने स्वीकारला. तंत्रज्ञानाच्या नियमनाचे हे सुबोध उदाहरण मानता येते.

पर्यावरण अभ्यास

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर सक्तीचा करण्याची प्रक्रिया सुरू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरासाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम तयार केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. इराच भरूचा यांनी लिहिले. या अभ्यासक्रमात क्षेत्रभेटीचा समावेश असल्याने नदी, कारखाना किंवा कचराभूमी प्रत्यक्ष पाहून तंत्रज्ञानाचे परिणाम समजून घेण्याची संधी कला व वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांनाही मिळाली.

तंत्रशिक्षण संस्थांतील प्रयत्न

सर्वसाधारण महाविद्यालयांत समाजाभिमुख विद्यार्थ्याला तंत्रज्ञान शिकवण्याचा प्रश्न असतो, तर अभियांत्रिकी संस्थांत तंत्रज्ञाला समाज शिकवण्याचा. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू झाले. ते सितारा या नावाने ओळखले जाते. पाणीपुरवठा, चुली, शेती व ऊर्जा यांसारखे प्रश्न प्रत्यक्ष गावात जाऊन अभ्यासणे, हा त्याच्या अध्यापनाचा पाया आहे. प्रा. मिलिंद सोहोनी आदींच्या पुढाकाराने पुढे आलेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानातून राज्यातील तंत्रशिक्षण संस्थांना आपापल्या जिल्ह्यातील विकासप्रश्नांशी जोडण्याचा प्रयत्न झाला. नळपाणी योजना तांत्रिकदृष्ट्या पूर्ण होऊनही पाणी का येत नाही, अशा प्रश्नाचे उत्तर पंपाच्या क्षमतेइतकेच वीजबिल, देखभाल आणि ग्रामपंचायतीचा कारभार यांतही शोधावे लागते, ही या पद्धतीची शिकवण आहे.

स्थानिक उदाहरण: चिखलोली आणि उल्हास–वालधुनी परिसर

ठाणे जिल्ह्यातील चिखलोली हे अंबरनाथ व बदलापूर या शहरांच्या दरम्यानचे गाव आज उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर या नागरी पट्ट्याचा भाग झाले आहे. धरण, औद्योगिक वसाहत, रेल्वे आणि झपाट्याने वाढणाऱ्या गृहसंकुलांचा येथे संगम झाला असल्याने, या विषयातील बहुतेक प्रश्न काही किलोमीटरच्या परिघात पाहता येतात. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत शिकणाऱ्या येथील विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकातील संज्ञांचा अर्थ परिसरातच उपलब्ध आहे.

चिखलोली धरणाचे पाणी अंबरनाथ शहराच्या काही भागाला मिळते. धरणाच्या परिसरात कारखाने व वस्ती वाढल्याने पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न वेळोवेळी चर्चेत आला आहे. औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण आणि बदलापूर येथील उल्हास नदीवरील बंधारा हे या पट्ट्याचे अन्य महत्त्वाचे जलस्रोत आहेत. उद्योगासाठी उभारलेल्या व्यवस्थेतून नागरी वस्तीला पाणी मिळते आणि टंचाईच्या काळात वाटपाचा प्राधान्यक्रम हा केवळ अभियांत्रिकीचा प्रश्न उरत नाही.

काकोळे परिसरातील डोंगरांत उगम पावणारी वालधुनी नदी अंबरनाथच्या अकराव्या शतकातील शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरमार्गे कल्याणजवळ खाडीला मिळते. औद्योगिक व घरगुती सांडपाण्यामुळे ती दीर्घकाळ प्रदूषित राहिली आहे. २०१४ मध्ये उल्हासनगरच्या वडोल गावाजवळ टँकरमधून नदीत रसायन सोडले गेल्याने अनेक रहिवाशांना श्वसनाचा त्रास होऊन रुग्णालयात दाखल करावे लागले. वनशक्ती या संस्थेने उल्हास व वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेले. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र अस्तित्वात असणे आणि ते अपेक्षित क्षमतेने चालणे यांतील अंतर या प्रकरणामुळे सार्वजनिक चर्चेत आले.

प्रदूषणावरील कारवाईत उल्हासनगरमधील जीन्स धुलाईचे कारखाने बंद झाले, तेव्हा त्यांवर पोट असलेल्या कामगारांचा प्रश्न उद्भवला. नदीचा हक्क आणि कामगाराचा रोजगार यांपैकी एकाचीच निवड करावी लागावी, अशी परिस्थिती कोणत्या निर्णयांमुळे निर्माण झाली. धुलाईचे पाणी शुद्ध करण्याचा खर्च लहान कारखानदाराने, मोठ्या खरेदीदाराने की शासनाने उचलायचा, हे प्रश्न वर्गातील चर्चेला योग्य आहेत. त्यांना एकच बरोबर उत्तर नाही, आणि विषयाच्या दृष्टीने हीच त्यांची उपयुक्तता होय.

रेल्वेचे उदाहरणही बोलके आहे. कल्याण–बदलापूर तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेच्या प्रकल्पासोबत अंबरनाथ व बदलापूर यांच्या दरम्यान चिखलोली स्थानक नियोजित करण्यात आले. स्थानकामुळे प्रवास सुकर होतो, पण त्याच्या केवळ घोषणेनेही जमिनींचे भाव वाढतात आणि मूळ ग्रामस्थ, नवे घरखरेदीदार व विकासक यांच्या वाट्याला वेगवेगळे परिणाम येतात. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. रूळ, नदीपात्र व पावसाचा अंदाज या एकमेकांत गुंतलेल्या व्यवस्था आहेत, याची जाणीव या घटनेने करून दिली.

अध्यापनातील अडचणी

हा विषय शिकवण्याची जबाबदारी बहुधा राज्यशास्त्र, समाजशास्त्र, वाणिज्य किंवा प्राणिशास्त्र अशा निरनिराळ्या विभागांतील शिक्षकांकडे येते. समाजशास्त्राच्या शिक्षकाला अब्जांश तंत्रज्ञान व विज्ञानाच्या शिक्षकाला जनहित याचिका शिकवताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. त्यामुळे विषयाचा सर्वांत सोपा भाग, म्हणजे व्याख्या व उपयोगांच्या याद्या, वर्गात अधिक वेळ घेतो आणि नियंत्रण व गैरवापराची चर्चा मागे पडते.

दुसरी अडचण परीक्षेची आहे. 'तंत्रज्ञानाचे फायदे व तोटे लिहा' या साच्यातील प्रश्नाला पाठांतराने उत्तर देता येते. फायदा कोणाचा आणि तोटा कोणाचा, हा भेद अशा उत्तरात लोपतो. बाजारातील मार्गदर्शिका व एकमेकांकडून उतरवलेले प्रकल्प यांमुळे मूल्यमापनाचा हेतू आणखी कमकुवत होतो. मोठे वर्ग आणि सक्तीच्या विषयाकडे केवळ उत्तीर्ण होण्यापुरते पाहण्याची वृत्ती ही कारणेही आहेत. २०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित लेखनसाधने विद्यार्थ्यांच्या हाती आल्याने प्रकल्पलेखनाच्या मूल्यमापनापुढे नवा प्रश्न उभा राहिला. मात्र तंत्रज्ञानाने शिक्षणाच्या व्यवहारात घडवलेला हा बदल स्वतःच या विषयाच्या अभ्यासाचा भाग होऊ शकतो.

मराठी भाषेचा प्रश्न

मुंबई विद्यापीठाच्या कला व वाणिज्य शाखांत अनेक विद्यार्थी मराठीतून उत्तरे लिहितात, तर तंत्रज्ञानविषयक नवे लेखन प्रामुख्याने इंग्रजीत उपलब्ध असते. १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद, मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश यांनी मराठी वैज्ञानिक लेखनासाठी भक्कम आधार निर्माण केला आहे. तथापि, परिभाषा सिद्ध झाली म्हणजे चर्चा सिद्ध होतेच असे नाही. सांडपाणी, टँकर, मीटर, पाळी, नळजोडणी यांसारख्या रोजच्या शब्दांपासून आरंभ करून शास्त्रीय संज्ञेपर्यंत जाणारा मार्ग विद्यार्थ्याला अधिक सुगम ठरतो. सार्वजनिक सुनावणीत बोलावयाचे असो वा माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहावयाचा असो, नागरिकाला तो प्रश्न आपल्या भाषेत मांडता यावा लागतो.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी शासन निर्णय काढला. नवी रचना प्रथम स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४–२५ या शैक्षणिक वर्षापासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाली. तीत मुख्य व दुय्यम विषयांबरोबरच अन्य विद्याशाखेतून निवडावयाचे खुले विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्यविषय, क्षेत्रप्रकल्प व समुदाय सहभाग असे गट आहेत. जुन्या फाउंडेशन कोर्सची एकसंध सक्ती त्यामुळे संपुष्टात आली.

या बदलाचे दोन्ही परिणाम संभवतात. अन्य शाखेतील विषय घेण्याच्या अटीमुळे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला तंत्रज्ञान व समाज या विषयावरील स्वतंत्र अभ्यासक्रम निवडता येऊ शकतो, आणि क्षेत्रप्रकल्पातून चिखलोलीसारख्या परिसराचा अभ्यास श्रेयांकासहित करता येऊ शकतो. उलटपक्षी, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यातील डिजिटल व तंत्रज्ञानविषयक अभ्यासक्रमांचा कल साधने वापरण्याच्या कौशल्याकडे झुकल्यास, त्यांच्या सामाजिक परिणामांची चर्चा ऐच्छिक होऊन बसते. जो विद्यार्थी तो विषय निवडणार नाही, त्याच्या पदवीत नियंत्रण, उपलब्धता व गैरवापर हे प्रश्न कोठेच येणार नाहीत. फाउंडेशन कोर्स अनेक दोषांसह प्रत्येक पदवीधरापर्यंत हे प्रश्न पोहोचवत होता. नव्या रचनेत ते कोणत्या गटात व कोणाच्या जबाबदारीवर शिकवले जातात, यावर या विषयाचे सामान्य शिक्षणातील पुढील स्थान अवलंबून आहे.